आधी गोळी की अर्धी गोळी?

भाषा आणि रिवाज वेगळे असलेल्या माणसांशी आजारपणात कसे बोलावे

दवाखान्यातील परिचारिका हिंदीतून सांगते, "माँजी, आधी गोली लेनी है." ऐकणाऱ्या मराठी आजींना यातून काय कळेल? हिंदीत 'आधी' म्हणजे अर्धी. मराठीत 'आधी' म्हणजे अगोदर. आजी समजुतीने मान हलवतात, घरी येतात आणि जेवणाअगोदर अख्खी गोळी घेतात. गोळी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची असेल, तर मात्रा दुप्पट झाली. यात खोटे कोणी बोलले नाही, हयगय कोणी केली नाही. सांगणारीने मनापासून सांगितले आणि ऐकणारीने मनापासून ऐकले. तरीही चूक घडली, कारण शब्द एकच होता आणि घरे दोन होती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज अशी दोन घरे एकत्र नांदत आहेत. वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करणारी मुलगी परप्रांतातून आलेली असते, परिचारिकेची मातृभाषा मल्याळम असते, औषधाच्या दुकानात हिंदी बोलावी लागते. कधी उलटही असते: घर आपले असते, पण मुलाच्या नोकरीमुळे परक्या मुलखात जाऊन आजारी पडलेले आपणच असतो. अशा वेळी बोलणे नीट पोहोचणे हा शिष्टाचाराचा भाग तर आहेच. त्याहून अधिक तो उपचाराचा भाग आहे.

चौरस्त्यावरचे शेजार

जुन्नर तालुक्यातील आळेफाटा हे या गोष्टीचे बोलके उदाहरण. पुणे-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाट चढून येणारा कल्याण-अहिल्यानगर मार्ग येथे एकमेकांना छेदतात. कांद्याच्या बाजारासाठी आणि दवाखान्यांसाठी चारही दिशांची माणसे येथे उतरतात. पश्चिमेकडच्या डोंगरातून महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे येतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारात उतरतात. जवळच्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उत्तरेकडील राज्यांतले व्यापारी आणि मजूर दिसतात. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर देशभरातले शास्त्रज्ञ काम करतात. यांपैकी कोणीही आजारी पडू शकते आणि यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या आजारपणात मदतीला उभे राहू शकते.

परक्या माणसाचे येणे या भूमीला नवे नाही. नाणेघाटातून येणाऱ्या व्यापारी वाटेवर जुन्नर वसलेले आहे. येथील बौद्ध लेण्यांतील सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत 'यवन' म्हणवल्या गेलेल्या दात्यांची नावे आढळतात. त्यांपैकी एकाने पाण्याची दोन टाकी दान दिली आणि दुसऱ्याने भोजनमंडप. दुरून आलेल्या माणसाने इथल्या तहानभुकेची काळजी घेतली, ही नोंद आपल्याच डोंगरात कोरलेली आहे.

ओळखीचे वाटणारे शब्द

अगदीच परकी भाषा कानावर पडली, तर आपण सावध होतो आणि "समजले नाही" असे म्हणतो. धोका असतो तो अर्ध्या ओळखीच्या भाषेत. मराठी आणि हिंदी या सख्ख्या बहिणी; लिपी एक, पुष्कळसे शब्द सारखे. त्यामुळे ऐकणारा निर्धास्त राहतो. औषधपाण्याच्या संदर्भात पुढील शब्द ध्यानात ठेवावेत.

'आधी'विषयी वर आलेच आहे. दुसरा शब्द 'कल'. हिंदीत तो कालसाठीही आहे आणि उद्यासाठीही. मराठी कानाला मात्र 'कल' म्हटले की 'काल'च ऐकू येतो. "कल खून की जाँच है" हे वाक्य ऐकून एखादे आजोबा म्हणतील, तपासणी काल होऊन गेली. तिसरा शब्द 'खाली'. "खाली पेट" म्हणजे उपाशीपोटी. पण मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी, त्यामुळे ओटीपोटाविषयी काही चालले आहे असा समज होऊ शकतो. चौथा शब्द 'जुलाब'. मराठीत जुलाब होणे ही तक्रार आहे, तर हिंदीत जुलाब म्हणजे प्रामुख्याने पोट साफ करण्याचे औषध. जुलाब थांबावेत म्हणून बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे नेमके उलटे समजले जाण्याची शक्यता येथे आहे. दीड आणि अडीच यांना हिंदीत 'डेढ़' आणि 'ढाई' म्हणतात; मात्रेचा प्रश्न असेल तेव्हा हे आकडे तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावेत.

एक शब्द किती महागात पडू शकतो, याची एक घटना वैद्यकीय जगतात नेहमी सांगितली जाते. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्युबातून आलेल्या कुटुंबातील एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये तो 'इन्टॉक्सिकाडो' झाला आहे असे सांगितले. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काहीतरी खाण्यापिण्यातून बाधले, असा होता. डॉक्टरांनी मात्र इंग्रजीतील मिळत्याजुळत्या शब्दावरून मादक द्रव्यांचा अतिरेक असा अर्थ घेतला आणि त्या दिशेने उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो उशिरा ध्यानात आला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषा बोलावण्याची गरज दोन्ही बाजूंना वाटली नव्हती, कारण आपल्याला समजले आहे अशी दोघांचीही खात्री होती.

आपल्या दुखण्याची भाषा

दुखणे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची समृद्धी आहे. कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, आग होते, मुंग्या येतात. भोवळ, घेरी आणि डोळ्यांपुढची अंधारी यांत जुन्या पिढीला फरक ठाऊक असतो. पण परप्रांतीय परिचारिकेला या सगळ्यांतून 'दर्द' आणि 'चक्कर' एवढेच कळते. मराठीतल्या मराठीतही असे होते: कोणी 'जुलाब' म्हणतो, कोणी 'ढाळ', कोणी 'हगवण'. शहरात वाढलेल्या तरुण डॉक्टरला 'ढाळ' हा शब्द कदाचित प्रथमच ऐकायला मिळत असेल.

"जीव घाबरा होतोय" किंवा "कसंतरी होतंय" ही वाक्ये विशेष जपून घ्यावीत. मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्यातली निकड कळते. दुसऱ्याला ती निव्वळ कुरकुर वाटू शकते. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेह असलेल्यांमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. धाप, दरदरून घाम, मळमळ, एकाएकी आलेला थकवा एवढीच लक्षणे असू शकतात. रक्तातील साखर अचानक उतरली तरी घाम सुटतो आणि जीव घाबरा होतो. म्हणून घरातील मदतनिसाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, की आजोबांनी हे शब्द उच्चारले तर थांबायचे नाही, लगेच घरच्यांना कळवायचे आणि गरज दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवायची.

लाजेने झाकलेली भाषा ही आणखी एक अडचण. "अंग बाहेर येतं", "अंगावरून जातं", "परसाकडे साफ होत नाही" असे आपल्या आज्या बोलतात. गर्भाशय खाली सरकणे, पांढरे जाणे, बद्धकोष्ठ अशा तक्रारी या शब्दांमागे असतात. या बोलण्याचा शब्दशः हिंदी अनुवाद केला तर काहीच अर्थ लागत नाही. शिवाय दुभाषा म्हणून मुलगा किंवा नातू समोर उभा असेल, तर आजी मूळ तक्रार सांगतच नाहीत. गुडघेदुखी सांगून परत येतात. अशा वेळी सून, लेक, आशा कार्यकर्ती किंवा दवाखान्यातील मावशी यांपैकी एखादी स्त्री सोबत असू द्यावी.

उपवास म्हणजे नेमके काय?

जुन्नर तालुक्यात ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतील दोन स्थाने आहेत. संकष्टी चतुर्थी येथे घराघरांत पाळली जाते. आता कल्पना करा: आजी परिचारिकेला सांगतात, "आज माझा उपवास आहे." महाराष्ट्राबाहेर वाढलेली परिचारिका समजते, की यांनी सकाळपासून काहीच खाल्लेले नाही, साखर उतरेल या भीतीने ती मधुमेहाचे औषध रोखण्याचा विचार करते. प्रत्यक्षात आजींनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्लेला असतो, आणि या पदार्थांनी साखर वाढते. उलट निर्जला एकादशी करणारे आजोबा पाणीही घेत नाहीत, रमजानचा रोजा धरणारे चाचा सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करतात. 'उपवास' हा एकच शब्द या तीन अवस्थांना पुरत नाही.

म्हणून विचारणाऱ्याने "उपवास आहे का?" एवढ्यावर न थांबता "आज सकाळपासून काय काय खाल्ले, पाणी केव्हा प्यायलात?" असे विचारावे. सांगणाऱ्याने पदार्थांची नावे घेऊन सांगावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीची मात्रा मनानेच कमीजास्त न करता डॉक्टरांना अगोदर विचारून ठेवावी. श्रद्धेची चेष्टा होईल या भीतीने पुष्कळ वृद्ध उपवास लपवतात. तो लपवावा लागू नये, असे वातावरण ठेवणे हे घरच्यांचे काम आहे.

हाक, कप आणि माळ

मराठीत आईला 'तू' म्हणतात, आजीलाही पुष्कळ घरांत 'तू' म्हणतात. त्या 'तू'मध्ये माया असते. त्याच मायेने आजी मदतीला आलेल्या मुलीला हिंदीत विचारतात, "तू खाया क्या?" हिंदी पट्ट्यातून आलेल्या मुलीच्या कानाला मात्र हा 'तू' टोचतो, कारण तिच्याकडे परक्या माणसाला 'आप' किंवा निदान 'तुम' म्हणण्याचा प्रघात असतो. आजींनी जेवणाची चौकशी केली आणि मुलीला अपमान वाटला. दोघींना हा फरक एकदा समजावून सांगितला, की 'तू'सुद्धा गोड लागतो.

हाक कोणत्या नावाने मारायची हे दोन्ही बाजूंनी विचारून ठरवावे. मदतनिसाला "ए बाई", "ए भैया" न म्हणता नावाने किंवा तिला आवडेल त्या नात्याने बोलवावे. 'भैया' हा शब्द तिकडे भाऊ या अर्थाचा असला, तरी आपल्याकडे त्याला कधी कधी हिणवण्याचा वास येतो, हे आपण जाणतोच.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. काही घरांत मदतनिसासाठी चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. जी व्यक्ती आपल्या वडिलांना आंघोळ घालते, त्यांचे अंथरूण बदलते, तिने त्यांच्या घरातील कपाला हात लावायचा नाही, हा भेद तिला न बोलता कळतो. त्यानंतर आपण कितीही गोड बोललो तरी ते पोहोचत नाही. जंतुसंसर्गाचे खरे कारण असेल, तर ते सांगून रुग्णाची भांडी वेगळी ठेवावीत आणि तो नियम घरातल्या सर्वांना सारखा लावावा.

हीच दृष्टी उलट बाजूनेही हवी. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ, सवाष्णीचे मंगळसूत्र, मुस्लिम आजोबांचा ताईत या वस्तू शस्त्रक्रियेपूर्वी किंवा एमआरआयपूर्वी काढण्याची वेळ येते. "काढा ते" असे तुटक सांगितले, की रुग्ण हादरतो. "या तपासणीत धातू चालत नाही, म्हणून हे अर्धा तास तुमच्या मुलीच्या हाती ठेवू या का?" असे विचारले, तर सहसा नकार येत नाही. कारण सांगणे आणि परवानगी मागणे यांना वेळ थोडा लागतो. स्पर्शाचेही तसेच आहे. आंघोळ घालण्यापूर्वी, पदर सरकवण्यापूर्वी आणि लघवीची नळी पाहण्यापूर्वी आपण काय करणार आहोत ते सांगावे. भाषा येत नसेल तर खुणेने दाखवावे.

गडचिरोलीचा धडा

या विषयात महाराष्ट्राकडे स्वतःचा मोठा अनुभव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात काम करत आहेत. आदिवासी बांधव रुग्णालयात यायला का बिचकतात, हे त्यांनी त्या लोकांनाच विचारले. उत्तरे अनपेक्षित होती. मोठी इमारत परकी वाटते. डॉक्टर-परिचारिकांचे पांढरे कपडे पाहून भीती वाटते, कारण पांढऱ्या वस्त्रात आम्ही मृतदेह गुंडाळतो. सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते. मग शोधग्रामचा दवाखाना त्यांच्या वस्तीसारख्या झोपडीवजा रचनेत उभा राहिला आणि त्याला लोकांच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. त्याआधी १९७३ साली भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया लोकांवर उपचार करण्यासाठी त्यांची माडिया भाषा शिकून घेतली.

दोन्ही ठिकाणी पहिले पाऊल सारखेच होते: समोरच्याला अडाणी न ठरवता विचारणे. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात डॉक्टरांनी रुग्णाला विचारावेत असे काही प्रश्न सुचवले. त्यांचा आशय असा: या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? त्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? कोणत्या उपचाराने बरे वाटेल असे वाटते? हे प्रश्न कोणत्याही घरात विचारता येतात. "नजर लागली" असे उत्तर आले, तरी हसू नये. नजर काढणे आणि रक्तदाबाची गोळी घेणे या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी होऊ शकतात. पण एकदा हसलो, तर पुढच्या वेळी आपल्याला काहीच सांगितले जाणार नाही.

"समजले का?" हा प्रश्न सोडून द्या

"समजले का?" या प्रश्नाला जगात सर्वत्र "हो" असेच उत्तर मिळते. वडीलधाऱ्यांसमोर, डॉक्टरांसमोर किंवा मालकांसमोर "नाही" म्हणणे अनेक समाजांत उद्धटपणाचे समजले जाते. मान हलवण्याचा अर्थ कधी "पटले" असतो, तर कधी "मी ऐकतो आहे" एवढाच. त्यामुळे सांगून झाल्यावर म्हणावे, "मी नीट सांगितले का ते पाहू. ही गोळी केव्हा आणि किती घ्यायची, ते आता तुम्ही मला सांगा." या पद्धतीत परीक्षा ऐकणाऱ्याची नसून सांगणाऱ्याची असते, म्हणून ऐकणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. शक्य असेल तेथे गोळी हातात घेऊन, तोडून, घड्याळाचा काटा दाखवून बोलावे. 'आधी' आणि 'अर्धी' यांचा घोळ तुटलेली गोळी पाहताच संपतो.

वृद्धांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी असतात. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते आणि स, श, फ, थ यांसारखी अक्षरे निसटतात. परक्या उच्चारांत ती अधिकच निसटतात. ओरडल्याने उपयोग होत नाही. दूरचित्रवाणी बंद करून, समोर उजेडात बसून, छोटी वाक्ये सावकाश बोलावीत. दुसरी गोष्ट स्मृतिभ्रंशाची. या आजारात नंतर शिकलेली भाषा बरेचदा अगोदर मावळते आणि लहानपणीची भाषा मागे उरते. आयुष्यभर हिंदी-इंग्रजीत व्यवहार केलेले आजोबा मग केवळ मराठीत बोलू लागतात. मुलाकडे परदेशी किंवा परप्रांतात राहणाऱ्या मराठी वृद्धांच्या बाबतीत ही स्थिती फार एकाकी असते. तेथील मदतनिसाला वीसेक मराठी शब्द शिकवले, तरी रुग्णाची अस्वस्थता कमी होण्यास मदत होते.

घरी आजच करण्यासारखे

१. एका जाड कागदावर पाणी, भूक, लघवी, संडास, थंडी, दुखते, चक्कर, घाबरे वाटते, झोप, पुरे असे नित्याचे शब्द मराठीत आणि मदतनिसाच्या भाषेत लिहा. शेजारी साधी चित्रे काढा. कागद पलंगाजवळ लावा.

२. औषधांची वही ठेवा. नाव, मात्रा आकड्यात, वेळ घड्याळाप्रमाणे. 'उद्या' किंवा 'कल' न लिहिता वार आणि तारीख लिहा.

३. पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त ओळखीसाठी द्या. हाक, जेवण, उपवास, पूजा किंवा नमाज, आंघोळीची पद्धत, न चालणाऱ्या गोष्टी. तिच्या घरी आजाऱ्याला काय देतात, तिचे मोठे सण कोणते, हेही विचारा आणि छठ, ईद किंवा ओणमची सुट्टी दिनदर्शिकेत आजच नोंदवा.

४. दुभाषा असला तरी पाहावे आणि बोलावे रुग्णाशी. दुभाष्याने स्वतःची उत्तरे मिसळू नयेत. लहान नातवंडांना या कामाला लावू नये.

५. गैरसमज झाला तर त्याच दिवशी, शांतपणे आणि चारचौघांत न बोलता सोडवा.

आळेफाट्यालगतच्या आळे गावात ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्याला सगळ्यांनी मुका समजून बाजूला सारले त्याच्याही तोंडी वेद असू शकतात, हे ती कथा सांगते. आपली भाषा न येणारा माणसूही आपल्याला असाच मुका वाटतो. पलंगाशेजारी बसलेली परमुलखातली मुलगी, परमुलखातल्या पलंगावर पडलेली आपली आई, दोघींकडेही सांगण्यासारखे बरेच असते. आज संध्याकाळी औषध देताना एवढेच करून पाहा: जे सांगितले ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत एकदा ऐकून घ्या.